जवारी

जवारी : तंबोरा, सतार, रुद्रवीणा इ. तंतुवाद्यांच्या रुंद घोडीच्या (तारा ज्यावर टेकतात त्या आधाराच्या) माथ्याला दिलेला अतिशय मंद उतार आणि त्याला घासत तार कंप पावल्याने उमटणारा झंकार. दोन्हींना ही संज्ञा लावतात.

या रचनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात (तेरावे शतक) एकतंत्री वीणेच्या घोडीवरील धातूची पत्रिका आणि तार व पत्रिका यांच्यामध्ये नाद खुलवण्यासाठी सारायची वेळूची बारीक कांब, म्हणजे ‘जीवा’, यांचे वर्णन केले आहे. तंबोऱ्याच्या तारेखालील सूत (घोडीवर सारलेला दोरा) याच जीवेतून आले, असे काही अभ्यासक मानतात; कर्नाटक संगीतात त्या सुताला जीवा म्हणतात, हा त्यांचा एक आधार. उलट पक्षी, तंबोऱ्याची निःसंदिग्ध चित्रे बहुधा सोळाव्या-सतराव्या शतकांपासूनच मिळतात, त्यामुळे मधला काळ अनुमानानेच भरावा लागतो. लांब दांडीचा साचा पश्चिम आशियातील तंबूरवरून आला असेलही. पण त्या वाद्याची घोडी अरुंद असते. रुंद घोडी वीणापरंपरेतील, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते.

तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तेथे निस्पंद (कंप नसलेला बिंदू) असलेले उपस्वर (मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर) यंग-हेल्महोल्ट्झ नियमानुसार उमटू नयेत. तंबोरा व वीणा यांत ते स्पष्ट ऐकू येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये दाखवून दिले आणि त्याचे कारण घोडीच्या आकारात शोधले. कंपन पावणारी तार उताराला पुनःपुन्हा स्पर्शते, त्यामुळे तिची मोकळी लांबी क्षणोक्षणी बदलते आणि खालच्या उपस्वरांतील ऊर्जा वरच्यांकडे वळते. बरिज, कॅप्राफ व मोर्शेदी यांच्या गणिती प्रतिमानात (1982) सतारीची घोडी हा एका बाजूचा अप्रत्यास्थ (आदळलेली तार उसळून परत न जाणारा) अडथळा मानला आहे. पुढील अभ्यासकांनी तारेच्या ताठरपणालाही स्थान दिले. ताठर तारेत उच्च कंप्रतेच्या लहरी आधी पोहोचतात. तंबोऱ्यात ठळक झालेला उपस्वरांचा पट्टा नाद विरताना हळूहळू खाली सरकतो, त्याचा उलगडा या विवेचनाने अधिक चांगला होतो. गिटारच्या सॅडलवर (घोडीवरील पट्टीवर) तार अरुंद कडेवर टेकते. तेथे असा झंकार आला, तर तो दोष समजतात.

कारागीर कानशीने घोडीचा माथा किंचित घासतो, तार चढवून ऐकतो, उतरवून पुन्हा घासतो. माथा सपाटीकडे झुकला, तर जवारी ‘खुली’, गोलाईकडे झुकला, तर ‘बंद’. तंबोऱ्यात प्रत्येक तारेखालचे सूत मागेपुढे सरकवून शेवटची जागा साधतात. पंचम (किंवा मध्यम, निषाद), जोडीच्या दोन पोलादी तारा आणि खर्जाची जाड, बहुधा पितळी तार यांची जाडी व ताण भिन्न, म्हणून सुताची जागाही प्रत्येकीची वेगळी. तारेचा जाडपणा किंवा गायकाची पट्टी बदलली की सूत नव्याने लावावे लागते. वापराने तारा घोडीत चरे पाडतात आणि नाद बसतो. मग जवारी पुन्हा काढावी लागते. केवळ तारा बदलून हा दोष जात नाही.

सतारीत सूत नसते. रविशंकरांचा बाज (वादनशैली) खुल्या, तर विलायत खाँ यांचा बंद जवारीचा मानला जातो.

महाराष्ट्रात या कामाचे मुख्य केंद्र मिरज. तेथील परंपरा साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांपासून सुरू झाल्याचे सांगतात. हत्यारांना धार लावणाऱ्या या कारागिरांना पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घोडीसाठी पूर्वी हस्तिदंत व सांबरशिंग वापरीत. वन्यजीव संरक्षण कायदा (1972) आणि त्यातील दुरुस्त्यांनंतर उंटाचे हाड, शिसवी-आबनुशी लाकूड आणि डेलरिनसारखी कृत्रिम द्रव्ये रूढ झाली.