चढावरचा गिअर आधी कुणाला हवा होता?

सायकलींच्या बातम्यांत गेली काही वर्षं त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात: रुंद टायर, चढासाठी अगदी हलके गिअर, फ्रेमला बांधायच्या पिशव्या, डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारी ग्रॅव्हल सायकल. 2019 मध्ये सायकलीचे सुटे भाग बनवणाऱ्या जपानच्या शिमानोने ग्रॅव्हलसाठी जीआरएक्स हा गिअर-ब्रेकचा स्वतंत्र संच बाजारात आणला, तेव्हा एक नवं युग सुरू झाल्यासारखी चर्चा झाली. पण या मागण्या शंभर वर्षांहून जुन्या आहेत आणि त्या शर्यतीच्या मैदानातून आलेल्या नाहीत. सामान लादून, घाट ओलांडत, दिवसेंदिवस सायकल चालवणाऱ्यांनी त्या केल्या. कित्येकदा गरजेच्या वस्तू त्यांनी स्वतःच घडवल्या. शर्यतीचं जग तिथे बरंच उशिरा पोहोचलं.

उंच पुढच्या चाकाच्या सायकलीला गिअर हा प्रकारच नव्हता. पेडल थेट चाकालाच जोडलेलं, त्यामुळे चाक जितकं मोठं तितका वेग, आणि चाक किती मोठं असावं हे पायांची लांबी ठरवायची. तरीही लांबच्या सफरींची हौस तेव्हाच लागली होती. इंग्लंडमधल्या हॅरोगेट इथे 1878 मध्ये बायसिकल टूरिंग क्लब निघाला, म्हणजे चेनवाली आधुनिक सायकल येण्याच्याही आधी. 1885 मध्ये जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर ही चेनवाली सायकल आली आणि वेग चाकाच्या आकारातून सुटून पेडलजवळच्या चेनव्हीलच्या व मागच्या चाकावरच्या चक्राच्या दातांवर गेला. 1888 मध्ये डनलॉपने हवेचं टायर आणलं. तीनच वर्षांनी, 1891 च्या पहिल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमध्ये, शार्ल तेराँने मिशेलाँचं काढता-घालता येणारं टायर वापरून सुमारे 1200 किलोमीटरची ती शर्यत जिंकली. पंक्चर रस्त्यातच काढता येऊ लागलं. लांब पल्ल्याच्या सायकलिंगसाठी याचं मोल गिअरइतकंच आहे.

राहिला प्रश्न चढाचा. त्यामागचं गणित एकदा मांडून पाहावं. स्वार, सायकल आणि वीस किलो सामान मिळून 105 किलो वजन धरा. आठ टक्के चढावर ताशी सहा किलोमीटर वेगाने जायला साधारण 140 वॉट लागतात. सराव असलेल्या माणसाला ते बराच वेळ पेलतं. त्या वेगाला सायकल मिनिटाला 100 मीटर सरकते. पुढे 48 आणि मागे 16 दाते असतील तर पेडलच्या एका फेरीत ती सुमारे 6.3 मीटर जाते. म्हणजे मिनिटाला अवघ्या सोळा फेऱ्या, प्रत्येक फेरीला गुडघ्यावर प्रचंड भार, आणि शेवटी खाली उतरून ढकलणं. तेच पुढे 24 आणि मागे 32 दाते असतील तर एका फेरीत जेमतेम 1.6 मीटर, पण मिनिटाला साठाच्या वर फेऱ्या होतात. शक्ती तेवढीच लागते, गुडघे मात्र वाचतात.

हे अनुभवाने ओळखलं ते फ्रान्समधल्या सेंट-एतियनच्या पॉल द व्हिव्ही यांनी. रेशमाचा व्यापार करणारा हा माणूस 'व्हेलोसिओ' या नावाने लिहीत असे आणि सायकलीला वाहिलेलं नियतकालिक चालवत असे. गावाबाहेर पडलं की डोंगरच सुरू होत असल्यामुळे एका गिअरवर भागणार नाही, हे त्यांना लवकर पटलं. सुरुवातीच्या व्यवस्थेत खाली उतरून हाताने चेन दुसऱ्या दातांवर चढवावी लागे. तरीही त्यांनी आग्रह सोडला नाही, आणि त्यांच्या प्रभावाखाली सेंट-एतियन हे गिअरच्या प्रयोगांचं केंद्रच झालं. पुढे जोआनी पानेलचा 'शमिनो' आणि 1924 मध्ये आल्बेर रेमाँचा 'सिक्लो' हे डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणा, याच गावातून निघाले. व्हेलोसिओंनी सायकल-प्रवाशांसाठी काही नियमही घालून दिले. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, हे नियम आजही ब्रेवेला, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सफरीला, निघालेले पाळतात. शेवटचा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: केवळ अहंकारापोटी पेडल मारू नका.

कारण गिअरला खरा अडथळा अहंकाराचाच होता. 1903 मध्ये टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांनी 1902 मध्येच लिहिलं होतं की बदलते गिअर हे पंचेचाळिशीपुढच्यांसाठी आहेत, यंत्राच्या युक्तीपेक्षा स्नायूंच्या बळावर जिंकणं श्रेष्ठ. टूरच्या व्यावसायिक स्पर्धकांना त्यांनी डिरेलर वापरू दिलं नाही. 1910 मध्ये शर्यत तुर्मालेच्या घाटात गेली, तरी नियम बदलला नाही. मागच्या चाकाच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या दातांची चक्रं असायची. घाटाच्या पायथ्याशी थांबायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं आणि माथ्यावर पुन्हा तेच. डिरेलरला परवानगी मिळाली 1937 मध्ये, देग्रांज यांच्या हातून सूत्रं गेल्यावर. तोवर व्हेलोसिओंना जाऊन सात वर्षं झाली होती आणि पर्यटक दशकभराहून अधिक काळ डिरेलरवर घाट चढत होते. शर्यतीत जे चालतं तेच उत्तम, असं मानणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

त्याच सुमारास पॅरिसलगतच्या लव्हालुआ-पेरेमध्ये अलेक्स सिंगर आणि रने एर्स यांच्यासारखे कारागीर प्रवासासाठी अशा सायकली बनवू लागले, ज्यांत मडगार्ड, दिवे आणि कॅरिअर मूळ रचनेचाच भाग असत. चाकं 650बी आकाराची, टायर 40 मिलिमीटरच्या आसपास. आजच्या ग्रॅव्हल सायकलींची मापं याहून फार दूर नाहीत.

पुढचा मोठा बदल जपानमधून आला. सनटूरने 1964 मध्ये तिरक्या समांतरभुज चौकटीचं डिरेलर काढलं. चेनला दिशा देणारी छोटी पुली त्यात फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या, लहान-मोठ्या सर्व चक्रांपासून जवळपास सारख्या अंतरावर राहते. त्यामुळे मागे खूप मोठी दातरी बसवली तरी गिअर अचूक पडतात. या डिरेलरची किंमतही माफक होती. सनटूरचं पेटंट 1984 मध्ये संपलं आणि त्याच सुमारास शिमानोने खटक्याने गिअर पडणारी एसआयएस पद्धत आणली. त्या खटक्याचं श्रेय शिमानोचं खरं, पण त्याखालची भूमिती सनटूरची आहे, आणि ती कंपनी त्या स्पर्धेत मागे पडली याची हळहळ वाटते.

अमेरिकेत 1976 च्या बायकसेंटेनियल या सामूहिक सायकल-सफरीत सुमारे चार हजार लोकांनी ओरेगॉन ते व्हर्जिनिया या सुमारे 6800 किलोमीटरच्या मार्गावर, काहींनी पूर्ण तर काहींनी थोडी, सायकल चालवली. इतके लोक एकदम सामान घेऊन निघाले की कॅरिअर आणि पिशव्यांची बाजारपेठ आपोआप उभी राहते. जिम ब्लॅकबर्नच्या ॲल्युमिनियमच्या कॅरिअरना याच काळात मागणी आली. पुढच्या चाकाशी, आसाच्या जवळ, खाली सामान लावलं की हँडल स्थिर राहतं हेही पुढे सर्वमान्य झालं. 1982 मध्ये जर्मनीत हार्टमुट ऑर्टलीबने ट्रकच्या ताडपत्रीच्या कापडातून जलरोधक पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूंना टांगायच्या पिशव्या, शिवले. इंग्लंडच्या पावसात सामान भिजत असताना त्याचं लक्ष कोरड्या ट्रककडे गेलं होतं. प्रवासी सामानातली उत्तम कल्पना बहुधा अशाच ओल्या दिवशी सुचते.

माउंटन बाइकनेही पर्यटकांकडूनच उसनवारी केली. 1981 च्या स्टम्पजंपर या सुरुवातीच्या माउंटन बाइकवर टीए कंपनीचे क्रँक (पेडलचे दांडे), माफाकचे कँटिलिव्हर ब्रेक आणि सनटूरचे डिरेलर होते. यातले क्रँक आणि ब्रेक फ्रेंच प्रवासी आणि टँडम (दोघांनी चालवायच्या) सायकलींच्या परंपरेतले. पुढे माउंटन बाइकचा पसारा एवढा वाढला की उलट पर्यटकच तिचे तीन चेनव्हीलचे संच वापरू लागले.

आता तोच पुरवठा आटतो आहे. शर्यतीच्या सायकलींना पुढे एक किंवा दोन चेनव्हील पुरतात, म्हणून तीन चेनव्हीलचे चांगले संच कॅटलॉगमधून कमी होत चालले. एकच चेनव्हील ठेवून मागे 51 किंवा 52 दातांपर्यंतची कॅसेट (चक्रांचा गठ्ठा) घेतली तर चढ निभावतो, पण दोन गिअरमधलं अंतर वाढतं आणि भरल्या सायकलीवर सपाट रस्त्याला तालात पाय चालत नाहीत. 1998 मध्ये विक्रीला आलेला रोलॉफचा चौदा गिअरचा हब (मागच्या चाकाच्या मधोमध बसणारा गिअरचा डबा) हे त्यावरचं सर्वांत भक्कम उत्तर आहे. सगळे गिअर सारख्या अंतरावर, एकूण पल्ला 526 टक्के, आणि यंत्रणा बंद डब्यात असल्याने चिखलाची भीती नाही. किंमत आणि वजन मात्र सोसावं लागतं.

प्रवाशाच्या दृष्टीने अलीकडची सर्वांत मोलाची बातमी फारशी गाजली नाही. डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या तुकड्यावर टांगलेलं असतं तो हँगर, सायकल आडवी पडली की वाकतो. पूर्वी जवळपास प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळ्या आकाराचा असायचा, त्यामुळे दूरवर तो मोडला की प्रवास तिथेच थांबायचा. 2019 मध्ये स्रॅम या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने हँगरचा यूडीएच हा एकच आकार आणला आणि इतर फ्रेमवाल्यांनाही तो वापरायला दिला. नवी फ्रेम घेताना टायरची रुंदी आणि बोल्टसाठीची भोकं पाहाल, तेव्हा हँगर यूडीएच आहे का हेही विचारा, आणि असेल तर एक जादा तुकडा पिशवीत टाका.