'मेडिकल' नावाची रजाच नाही : नागपूरच्या सरकारी रजांची पार्श्वभूमी

नागपुरात 'मेडिकल' म्हटलं की दोन अर्थ निघतात. एक म्हणजे हनुमाननगरचं भलंमोठं सरकारी रुग्णालय. दुसरा अर्थ सिव्हिल लाइन्समधल्या कचेऱ्यांत दिवसातून चारदा कानावर पडतो. "साहेब मेडिकलवर आहेत, सोमवारी या." यातलं रुग्णालय खरं आहे. रजा मात्र नियमांच्या पुस्तकात त्या नावाने सापडत नाही.

राज्य कर्मचाऱ्यांना लागू असलेले महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १५ ऑगस्ट १९८१ पासून अमलात आले. त्याआधीचा इतिहास नागपूरकरांसाठी जरा गुंत्याचा आहे. हे शहर आधी मध्य प्रांताची आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला इथला कर्मचारी जागचा न हलता मुंबई राज्याचा झाला. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ मध्ये, केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय अशा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती त्यांच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येणार नाहीत, अशी हमी होती. पुढे १९५९ चे मुंबई नागरी सेवा नियम आले, १९६० ला महाराष्ट्र झाला. दोन दशकांनी रजांचा भाग वेगळा काढून स्वतंत्र नियम झाले. ब्रिटिश काळातल्या जुन्या मूलभूत नियमांची (१९२२) हाडं त्यात अजून दिसतात.

त्यातलं सर्वांत ठळक हाड म्हणजे अर्धवेतनी रजा. वर्षाला २० दिवस. १ जानेवारीला १० आणि १ जुलैला १० खात्यावर जमा. नावाप्रमाणे या रजेत पगार निम्मा. ती आजारपणासाठीही घेता येते आणि खासगी कामासाठीही. पण निम्म्या पगारावर घरी कोण बसणार? म्हणून आजारी माणसासाठी 'परिवर्तित रजा' ठेवली. डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडा, पगार पूर्ण घ्या, आणि खात्यातून दुप्पट दिवस द्या. २० चे झाले १०. 'वर्षाला दहा मेडिकल' हे कचेरीतलं पाठ गणित इथून आलं.

सेवापुस्तकातला रजेचा हिशेब उघडला की हे डोळ्यांना दिसतं. डेंग्यूचे ६ दिवस, आणि अर्धवेतनीच्या रकान्यात वजा १२. नवीन लागलेली मुलं हे पान पाहून दचकतात. आस्थापनेच्या बाबूंना दर वर्षी तेच समजावून सांगावं लागतं की चूक नाही, तू आजारी होतास सहा दिवस, पण पगार पूर्ण घेतलास ना. परिवर्तित रजा घेऊन कुणी राजीनामा दिला तर पूर्ण आणि निम्म्या पगारातला फरक वसूलही होतो, हे मात्र सहसा कुणी आधी सांगत नाही.

शब्दाच्या या घोळाचे परिणाम साधे नाहीत. माणूस अर्जावर 'वैद्यकीय रजा' लिहितो. प्रमाणपत्राबद्दल शंका आली तर साहेबांना दुसरं वैद्यकीय मत मागवता येतं. मागितलेल्या रजेचा प्रकार परस्पर बदलता येत नाही. पण अर्जावर जो प्रकार लिहिलाय तो नियमांतच नसेल, तर बदलला काय आणि नाही काय! मग टेबलावरचा माणूस आपल्या मनाने ती अर्जितमध्ये टाकतो. अर्जित रजा वर्षाला ३०, साठा ३०० पर्यंत, आणि निवृत्तीच्या दिवशी तिचे रोख पैसे. म्हणजे एका चुकीच्या शब्दामुळे तापाची किंमत निवृत्तीच्या रकमेतून वळती होऊ शकते. छापील नमुन्यावर 'परिवर्तित' हा एक शब्द ठळक असता तर निम्मी भांडणं मिटली असती, असं माझं मत.

किरकोळ रजेची कथा उलटी. वर्षाला ८ दिवस मिळणारी ही रजा सगळ्यांच्या ओळखीची, पण नियमांच्या दृष्टीने ती रजाच नाही. त्या दिवशी तुम्ही कामावर आहात असं धरलं जातं. म्हणून ती दुसऱ्या रजेला जोडता येत नाही.

अलीकडचा मोठा वाद पाच दिवसांच्या आठवड्याचा. २९ फेब्रुवारी २०२० पासून तो लागू झाला. नागपुरात कचेरीची वेळ १० ते ५.४५ होती, ती ९.४५ ते ६.१५ झाली. 'बाबूंना आणखी सुट्ट्या' अशी ओरड झाली, पण हिशेब वेगळंच सांगतो. आधी वर्षाचे २८८ दिवस, रोज सव्वासात तास, एकूण २,०८८ तास. आता २६४ दिवस, रोज आठ तास, एकूण २,११२. काम २४ तासांनी वाढलं. रुग्णालयं, पोलीस, शाळा यांना हे लागूच नाही, त्यामुळे 'मेडिकल'मधल्या परिचारिकेच्या शनिवारात काही फरक पडला नाही. आणि महिनाभरात टाळेबंदी आल्याने नव्या वेळापत्रकाची पहिली परीक्षा कुणाला घेताच आली नाही.

सुट्ट्यांच्या यादीतही दोन थर आहेत. मुख्य यादी १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याखाली निघते आणि बँकांनाही बांधते. स्थानिक सुट्ट्या जिल्ह्यापुरत्या. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणाची, त्यातलीच. ती बँकांना आणि केंद्राच्या कचेऱ्यांना नाही. त्यामुळे एकाच घरात नवरा पोराचा लाकडी नंदी सजवत बसलेला आणि बायको त्याच दिवशीच्या मारबत मिरवणुकीच्या गर्दीतून वाट काढत बँकेत निघालेली, हे दृश्य इतवारीत नवं नाही.

आणि मग डिसेंबर. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे नियमांत स्पष्ट लिहिलंय. 'अर्जित' म्हणजे कमावलेली असली तरी. मुंबईच्या कचेरीत हे वाक्य वर्षभर पुस्तकात झोपून असतं. नागपुरात ते हिवाळी अधिवेशनाला जागं होतं. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला वर्षातून एक अधिवेशन दिलं, आणि त्या काळात इथल्या कर्मचाऱ्याने रजा मागायची नाही हेही त्याच्याबरोबर आलं. अर्जित रजा निदान पुढे तरी जाते. किरकोळ मात्र ३१ डिसेंबरला बुडते. बहिणीच्या लग्नासाठी राखून ठेवलेल्या तीन किरकोळ रजा अधिवेशनात अडकल्या की १ जानेवारीला खात्यावर पुन्हा आठ दिसतात, अकरा नाही.