एका मिलिमीटरचा हिशेब: जुना रेंजफाइंडर कॅमेरा आणि नवी लेन्स

1950च्या दशकातल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस साधणाऱ्या कॅमेऱ्यावर, अलीकडेच घडवलेली लेन्स चढवावी, आत फिल्मचा रोल भरावा आणि फोकस अचूक यावा, हे आज इतके सहज घडते की त्यामागे कोणी काही ठरवून ठेवले असेल असे वाटतही नाही. सत्तर वर्षांच्या अंतराने बनलेले यंत्राचे दोन भाग एकमेकांत असे चपखल बसणे दुर्मीळ असते. इथे ते शक्य झाले ते 1930च्या सुमारास पक्क्या झालेल्या एका मापामुळे आणि 1954 मध्ये नवा कॅमेरा आखताना त्या मापाची बूज राखली गेल्यामुळे.

जर्मनीतील वेट्झलार येथील अर्न्स्ट लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची 35 मिमी फिल्म आडवी सरकेल असा छोटा कॅमेरा पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच तयार केला होता. 24 × 36 मिमीची चौकट रुळली ती त्याच वंशातून. 1925च्या लाइपझिग प्रदर्शनात हा कॅमेरा ‘लायका’ या नावाने लोकांसमोर आला, तेव्हा मॅक्स बेरेक यांनी आखलेली लेन्स त्यात कायमची बसवलेली होती आणि अंतर नजरेच्या अंदाजाने किंवा वेगळ्या उपकरणाने ठरवावे लागे. 1930 मध्ये 39 मिमी व्यासाच्या आट्यांवर बसणारी, बदलता येणारी लेन्स आली. मात्र आरंभी प्रत्येक लेन्स ज्या कॅमेऱ्यासाठी असे, त्याच्याशी ती कारखान्यात जुळवून द्यावी लागत होती. पुढच्याच वर्षी माउंटच्या, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स जिथे बसते त्या जागेच्या, कडेपासून फिल्मपर्यंतचे अंतर सर्व कॅमेऱ्यांसाठी 28.8 मिमी ठरवण्यात आले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे, कारण कोणतीही लेन्स कोणत्याही कॅमेऱ्यावर चालावी ही कल्पना इथे पहिल्यांदा प्रत्यक्षात आली.

रेंजफाइंडरची भर पडली ती 1932च्या लायका II मध्ये. लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर कोडॅकने 1916 मध्येच एका घडीच्या कॅमेऱ्यात दिला होता, पण छोट्या कॅमेऱ्यात त्याचा खरा उपयोग आता दिसू लागला. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूस काही अंतरावर असलेल्या दोन खिडक्यांमधून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा येतात; लेन्स फिरवली की तिच्या मागचे कडे आतल्या तरफेच्या टोकावरील चाकाला पुढे-मागे ढकलते आणि त्याबरोबर एक प्रतिमा सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की फोकस साधला. लेन्सच्या मागच्या कड्याने किती सरकावे याचेही प्रमाण ठरलेले आहे. लेन्सची नाभीय लांबी 21 मिमी असो वा 90 मिमी, तरफेला मात्र ती सुमारे 51.6 मिमीच्या लेन्सप्रमाणेच हलवते. नवी लेन्स आखणाऱ्याला जुन्या कॅमेऱ्याविषयी जे जाणून घ्यावे लागते, त्यातले बरेचसे 28.8 आणि 51.6 या दोन आकड्यांत सामावलेले आहे.

त्याच वर्षी झाइस आयकॉन या प्रतिस्पर्धी जर्मन कंपनीने काँटॅक्स कॅमेरा बाजारात आणला. लुडविग बेर्टेले यांची सोनार लेन्स तेव्हाच्या इतर लेन्सेसच्या तुलनेत विलक्षण तेजस्वी होती आणि रेंजफाइंडरही अधिक अचूक होता. परंतु त्याचे बायोनेट माउंट (लेन्स थोडीशी वळवून अडकवण्याची रचना) गुंतागुंतीचे होते आणि ते फारच थोड्या कारखान्यांनी स्वीकारले. लायकाचे साधे आटे मात्र सर्वत्र पोहोचले. सोव्हिएत संघातील खार्किव येथे 1934 पासून फेड आणि 1948 पासून मॉस्कोजवळ झोर्की हे कॅमेरे लायकाच्या धर्तीवर निघू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन पेटंटांचे संरक्षण संपल्यावर जपानमध्ये कॅनन, निका, लिओटॅक्स यांनी हीच वाट धरली. सोव्हिएत लेन्सेसच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी लागते, कारण त्यांतल्या अनेकांची जडणघडण काँटॅक्सच्या प्रमाणावर बेतलेली आहे आणि लायकावर मोठ्या छिद्राने जवळचे टिपताना त्यांचा फोकस किंचित हलतो.

कॅमेरा एका कारखान्याचा आणि लेन्स दुसऱ्याची, ही पद्धतही आजची नव्हे. अमेरिकी छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनी 1950 मध्ये कोरियन युद्ध टिपले ते लायकावर जपानी निक्कोर लेन्स लावून, आणि त्या छायाचित्रांनी जपानी काचेविषयीचे पाश्चात्त्य मत बदलण्यास मोठा हातभार लावला.

1954 मध्ये आलेल्या लायका एम3ने आट्यांऐवजी झटकन बसणारे बायोनेट दिले आणि व्ह्यूफाइंडर (दृश्याची चौकट पाहण्याची खिडकी) व रेंजफाइंडर एकाच खिडकीत आणले. जुन्या ग्राहकांच्या हातातल्या लेन्सेस निकामी होण्याचा धोका इथे होता. पण नव्या माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर 27.8 मिमी, म्हणजे बरोबर 1 मिमीने कमी ठेवले गेले, जेणेकरून 1 मिमी जाडीचे कडे लावून जुनी आट्यांची लेन्स रेंजफाइंडरसह चालावी. अभियांत्रिकीतले इतके विचारी सौजन्य क्वचितच पाहायला मिळते.

1959च्या निकॉन एफ नंतर आरशाच्या साहाय्याने लेन्समधूनच दृश्य दाखवणारे एसएलआर कॅमेरे व्यावसायिकांच्या हाती गेले आणि रेंजफाइंडर मागे पडला. पुढची काही दशके लायका, त्याचा मिनोल्टाबरोबरचा अल्पकाळचा सहवास आणि मोजके अपवाद एवढ्यावरच ही परंपरा टिकून होती. तिला पुन्हा बळ मिळाले ते 1999 मध्ये. जपानच्या कोसिना कंपनीने हिरोफुमी कोबायाशी यांच्या नेतृत्वाखाली, फॉइग्टलेंडर हे जुन्या जर्मन कंपनीचे नाव घेऊन, बेसा एल कॅमेरा आणि 15 मिमीची हेलियार लेन्स आणली, तीही 39 मिमीच्या आट्यांची. पुढे त्याच कारखान्यातून झाइसच्या नावाने एम माउंटच्या, म्हणजे एम3च्या बायोनेटवर बसणाऱ्या, लेन्सेस आल्या. 2010 नंतर आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांवर कडे लावून याच लेन्सेस वापरल्या जाऊ लागल्या, ग्राहक वाढले आणि चिनी उत्पादकही एम माउंटकडे वळले. फिल्मवर काम करणाऱ्यांना आज इतक्या लेन्सेस मिळतात, त्याला डिजिटलची ही मागणी बऱ्याच अंशी कारणीभूत आहे.

नव्या लेन्समुळे छायाचित्रात नेमका काय फरक पडतो, हेही पाहायला हवे. झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर परावर्तन रोखणाऱ्या थराचे पेटंट 1935 मध्ये घेतले, परंतु युद्धापूर्वीच्या बहुतेक लेन्सेसवर असा थर नसे. प्रकाशासमोर त्यांची प्रतिमा फिकट होते. अनेक थरांची आजची लेन्स त्याच जुन्या कॅमेऱ्यात गडद काळे आणि स्वच्छ रंग देते. रुंद कोनाच्या लेन्समध्ये फिल्मचा आणखी एक फायदा आहे. आरसा नसल्याने लेन्सची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ आणता येते आणि कडांवर तिरका पडणारा प्रकाश फिल्म विनातक्रार स्वीकारते, तर डिजिटल सेन्सरवर तिथे रंगाची झाक येते. त्यासाठी 15 मिमी हेलियार 2015च्या सुमारास नव्याने आखावी लागली. फिल्मला मात्र पहिलीच आवृत्ती पुरेशी होती.

या जोडीच्या मर्यादा बहुधा कॅमेऱ्याच्या बाजूने येतात. आट्यांच्या जुन्या लायकांचा रेंजफाइंडर साधारण 1 मीटरपर्यंतच साथ देतो, म्हणून नवी लेन्स 0.7 मीटरपर्यंत जात असली तरी शेवटचा भाग अंदाजानेच वापरावा लागतो. एम3च्या खिडकीत 50, 90 आणि 135 मिमीच्याच चौकटी दिसतात. 35 मिमीसाठी वरून वेगळा व्ह्यूफाइंडर लावावा लागतो. शिवाय जुन्या लेन्सची मृदू प्रतिमा रेंजफाइंडरचा लहानसा दोष झाकून टाकत असे, तर एफ/1.2ची, म्हणजे खूप मोठ्या छिद्राची, तीक्ष्ण आधुनिक लेन्स तोच दोष पहिल्याच रोलवर उघड करते. म्हणून अशी लेन्स घेण्याआधी कॅमेरा जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावा. दूरच्या खांबाच्या दोन्ही प्रतिमा अनंतावर जुळतात का आणि एका मीटरवरचा फोकस फिल्मवर खरा उतरतो का, या दोन्ही टोकांची खात्री स्वतंत्रपणे करून घ्यावी, कारण एका टोकाला बरोबर असलेला रेंजफाइंडर दुसऱ्या टोकाला चुकू शकतो.