पार्श्वभूमी : सरकारी संशोधकाचा राजीनामा

खान्देशातून डॉक्टर निवडून जाणे नवे नाही. 2014 साली धुळ्याने कर्करोगाचे शल्यविशारद लोकसभेत पाठवले, 2016 मध्ये ते संरक्षण राज्यमंत्री झाले. नंदुरबारनेही त्याच वेळी एका तरुण डॉक्टरला निवडून दिले. सरकारी पगारावर संशोधन करणाऱ्याची वाट मात्र अवघड आहे. सातपुड्याच्या पाड्यांवर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रक्तनमुने गोळा करणारा प्राध्यापक घरोघरी ओळखीचा होतो. पण उमेदवारीआधी त्याला नोकरी सोडावीच लागते, कारण ते लाभाचे पद आहे, म्हणजे सरकारी पगाराचे असे पद, ज्यावर असताना निवडणूक लढवता येत नाही.

‘राजीनामा दिला’ असे सगळेच म्हणतात. कागदावर मात्र राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि घोटाळा इथेच होतो. 1982 च्या राज्य निवृत्तिवेतन नियमांत नियम 46 प्रमाणे राजीनाम्याने मागची सगळी सेवा बुडते. परवानगीने दुसऱ्या सरकारी पदावर जाणाऱ्याला सूट आहे, निवडणूक त्यात बसत नाही. नियम 66 प्रमाणे 20 वर्षांच्या अर्हताकारी (पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या) सेवेनंतर 3 महिन्यांच्या नोटिशीने स्वेच्छानिवृत्ती घेता येते व पेन्शन टिकते. शिवाय राजीनामा मंजूर होईपर्यंत लागू होत नाही. स्वेच्छानिवृत्तीला मुदतीत नकार आला नाही, तर ती मुदत संपताच लागू होते. 20 वर्षे भरलेल्याने राजीनामा लिहिणे ही चूकच.

1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार अपात्रता उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या दिवशी तपासतात. निवडणुकीच्या अधिसूचनेपासून सातव्या दिवशी अर्ज भरण्याची मुदत संपते, त्याच्या दुसऱ्या दिवशी छाननी. अधिसूचनेची वाट पाहणाऱ्याची 3 महिन्यांची नोटीस त्यात बसणे शक्य नाही. अनेकदा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांच्या टेबलावरच राहतो. नियुक्ती प्राधिकारी मंत्रालयात असेल तर तिथल्या आवक क्रमांकाची पोच हातात हवी. कार्यमुक्तीआधी प्रचाराला गेल्यास 1979 च्या वर्तणूक नियमांचा भंग होतो. मग चौकशी लागते आणि तीच स्वेच्छानिवृत्ती नाकारायला कारण ठरते.

1 नोव्हेंबर 2005 पासून रुजू झालेल्यांना सहसा ही जुनी पेन्शन नाही. जळगाव-नंदुरबारच्या नव्या महाविद्यालयांतले बरेच तरुण अध्यापक यातलेच. सेवा बुडण्याची भीती त्यांना कमी, पण कार्यमुक्तीचा आदेश छाननीआधी त्यांनाही लागतोच.

चालू प्रकल्पाचे मुख्य संशोधकपदही आधी सहकाऱ्याकडे द्यावे आणि त्या बदलाला संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी. नाहीतर पाड्यांवरून आणलेले नमुने फ्रीजरमध्ये पडून राहतात आणि घरच्यांना अहवाल मिळत नाही.