चार म्हणजे किती? डिसकॅल्क्युलिया असलेल्या मुलाचे गणित

जमिनीवर चार चिंचोके टाकले, तर आपण ते मोजत बसत नाही. नजर पडताच चार असल्याचे कळते. डिसकॅल्क्युलिया, म्हणजेच गणन-अक्षमता, असलेल्या काही मुलांना मात्र तेवढे चिंचोकेही एकेक करून मोजावे लागतात आणि 6 मोठे की 8, हे ठरवायलाही वर्गातल्या इतरांपेक्षा अधिक वेळ लागतो. ‘आठ’ या शब्दामागे वस्तूंचा जो ढीग आपल्याला जाणवतो, तो त्यांना पुसटच जाणवतो. अशा मुलाला पहाटे उठवून पाढे घोकायला लावले, तर काल पाठ झालेला पाढा आज विसरला जातो, आणि घरात त्याचे नाव आळस असे पडते.

झेकोस्लोव्हाकियातील मानसशास्त्रज्ञ लादिस्लाव कोश्च यांनी 1974 मध्ये या अक्षमतेची सविस्तर मांडणी केली. शंभरातील सुमारे 3 ते 7 मुलांमध्ये ती आढळते. तिचा बुद्धीशी संबंध नसतो. उत्तम वाचणारे, मुद्देसूद बोलणारे मूलही हातच्याच्या वजाबाकीपाशी अडते. राशींचे आकलन होताना मेंदूच्या पार्श्विका खंडातील एका खाचेजवळचा भाग विशेष क्रियाशील असतो, आणि अनेक अभ्यासांत या मुलांमध्ये तिथली रचना किंवा क्रिया वेगळी दिसली आहे.

मराठी मुलांच्या बाबतीत आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे, ती म्हणजे आपली संख्यानामे. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि लिहिताना 2 आधी येतो. ‘एकोणतीस’मध्ये तर नऊ ऐकूच येत नाहीत. भाषेमुळे डिसकॅल्क्युलिया होत नाही, परंतु ज्याची संख्येवरची पकड मुळातच सैल आहे, त्याच्यावर हा भार अधिक पडतो. जर्मन भाषेतही एकक आधी उच्चारतात, आणि तिथली मुलेही ऐकलेली संख्या लिहिताना अंकांची अदलाबदल करतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असे वाचन आले, तेव्हा मोठा वाद झाला आणि गणितज्ज्ञ मंगला नारळीकर यांनी त्या बदलाची बाजू मांडली. मला वाटते, निदान या मुलांसाठी तरी ‘वीस आणि सात, सत्तावीस’ अशी दोन्ही नावे दीर्घकाळ जोडीने वापरावीत, आणि सोबत दहा-दहा काड्यांच्या दोन जुड्या आणि सात सुट्या काड्या हातात द्याव्यात.

वस्तू, मग चित्र किंवा संख्यारेषा, आणि शेवटी अंक, हा क्रम वयाने मोठ्या मुलासाठीही पाळावा. शंभर मण्यांच्या माळेवर 38 कुठे येतील याचा आधी अंदाज करायला लावला, म्हणजे संख्येला जागा आणि आकार मिळतो. 7 आणि 8 मिळवताना आठातले तीन सातांना देऊन दहा करायचे आणि उरलेले पाच त्यात मिळवायचे, ही रीत मुलाने मण्यांवर स्वतः करून पाहावी. बोटांवर मोजले म्हणून रागावू नये, कारण दुसरी खात्रीची वाट सापडेपर्यंत बोटे हाच त्याचा आधार असतो. घड्याळ लावून तोंडी हिशेब विचारणे मात्र थांबवावे; त्या धास्तीत हिशेब मनात धरून ठेवण्याची जागाच व्यापली जाते.

गणितात मागे पडणाऱ्या प्रत्येक मुलाला डिसकॅल्क्युलिया असतो असे नव्हे. दृष्टी, श्रवण, बुडालेली शाळा, गणिताची भीती, ही कारणे आधी पाहावी लागतात, आणि नेमकी मदत देऊनही अडचण किमान सहा महिने टिकली, तरच निदानाकडे जातात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये या अक्षमतेचा स्पष्ट उल्लेख आहे. महाराष्ट्रात अधिकृत प्रमाणपत्र असल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि कॅल्क्युलेटर यांसारख्या सवलती मिळतात. ‘असे केले तर मूल शिकणार कसे?’ असे पालक काकुळतीने विचारतात. कॅल्क्युलेटर 500 मधून 275 वजा करून देतो. दुकानदाराने किती पैसे परत द्यायचे यासाठी वजाबाकीच करायची, हे मात्र मुलालाच ओळखावे लागते.