लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलींच्या आधुनिक प्रतिकृती

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलींच्या नमुन्यावर आज तयार होणाऱ्या आणि नेमबाजीत वापरल्या जाणाऱ्या बंदुका. चापाखालचा लिव्हर पुढे ढकलून मागे घेतला की रिकामे टरफल बाहेर पडते, घोडा चढतो आणि नळीखालच्या मॅगझिनमधले पुढचे काडतूस जागेवर बसते. अस्सल जुन्या रायफली आता संग्राहकांकडे आहेत. स्पर्धेत शेकडो बार काढायचे तर प्रतिकृतीच हवी. इटलीत ब्रेशियाजवळ गार्दोने येथील उबेर्ती (स्थापना १९५९), जपानची मिरोकू आणि ब्राझीलची रॉसी हे मुख्य उत्पादक. मिरोकूच्या रायफली विंचेस्टरच्या नावाने विकल्या जातात.

हेन्री ही १८६०ची रायफल दिसायला सर्वांत देखणी, पण स्पर्धेत सर्वांत त्रासाची. मूळची .४४ रिमफायर (बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणारी) काडतुसे आता बनत नाहीत, म्हणून प्रतिकृती .४४-४० किंवा .४५ कोल्ट या काडतुसांसाठी येते. ही काडतुसे लांब असल्याने मूळच्या १६ ऐवजी मॅगझिनमध्ये सुमारे १३ मावतात. नळीखाली लाकूड नसल्याने सलग बारांनंतर हात भाजतो. त्यातच मॅगझिनच्या खाचेतून काडतुसे रेटणारी कळ दर बाराला मागे सरकते आणि डाव्या हाताला येऊन अडते. हात मध्येच उचलावा लागतो. १८६६च्या विंचेस्टरने नळीखाली लाकूड आणि बाजूला काडतुसे भरण्याची खिडकी देऊन दोन्ही अडचणी मिटवल्या.

खरी तुलना विंचेस्टरच्या १८७३ आणि १८९२ या मॉडेलांची. १८७३च्या रचनेत बोल्ट (काडतुसामागचे तोंड बंद करणारा दांडा) मागून रोखून धरणारे दोन सांधे गुडघ्यासारखे वाकतात आणि सरळ होतात. चाल इतकी मऊ की अमेरिकेतल्या काउबॉय अ‍ॅक्शन (जुन्या काळच्या बंदुकांनी वेगात नेम साधण्याच्या) स्पर्धांत जवळच्या पोलादी लक्ष्यांवर ही रायफल इतरांना मागे टाकते. सांध्यांची मापे बदलून लिव्हरची फेरी आखूड करणारे सुटे भागही मिळतात. मात्र काडतूस वर उचलणारा ठोकळा लांबीबाबत काटेकोर असतो. काडतूस फार आखूड भरले तर मागचे काडतूस ठोकळ्यात डोकावते आणि लिव्हर अडतो.

जॉन ब्राउनिंगच्या १८९२च्या रचनेत बोल्टमागे दोन उभे ठोकळे वर सरकून कुलूप लावतात. हे कुलूप भक्कम असते, म्हणून रॉसीने ती .४४ मॅग्नमच नव्हे, .४५४ कासुल या त्याहून जोरदार काडतुसासाठीही काढली. सांध्यांच्या रायफलीकडून हे मागू नये. जोरदार काडतुसे वापरून लांबचे लक्ष्य गाठायचे असेल तर १८९२च घ्यावी. मिरोकूची घडण रॉसीपेक्षा निश्चित सफाईदार, पण तिच्या १८९२वर मूळ रायफलीत नसलेला सेफ्टीचा खटका बसवलेला असतो.

काडतुसाची निवडही रायफलीइतकीच महत्त्वाची. मूळ १८७३ कारखान्यातून .४५ कोल्टमध्ये कधीच निघाली नाही, प्रतिकृती मात्र निघतात. काळी दारू (जुन्या पद्धतीची, काजळी धरणारी बंदुकीची दारू) वापरणाऱ्याने .४४-४० घ्यावे. त्याचे पातळ, तोंडाशी निमुळते टरफल बाराच्या वेळी फुगून चेंबरला (नळीतल्या काडतुसाच्या जागेला) घट्ट बसते आणि काजळी मागे येऊ देत नाही. .४५ कोल्टचे जाड टरफल तसे बसत नाही, आणि काजळी थेट यंत्रणेत शिरते. धूररहित दारूवर हा फरक उरत नाही. तिथे बहुतेक स्पर्धक .३५७ मॅग्नम काडतुसाची रायफल घेऊन तिच्यात .३८ स्पेशल हे सौम्य काडतूस भरतात, कारण धक्का कमी आणि खर्चही कमी. कोणतेही काडतूस असले तरी गोळीचे टोक चपटे हवे. मॅगझिनमध्ये प्रत्येक टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (आघाताने दारू पेटवणाऱ्या टोपीवर) टेकलेले असते, आणि अणकुचीदार टोकाने धक्क्यासरशी आतच स्फोट होऊ शकतो.