शाळा बांधताय? आधी ऊन कुठून येतं ते पाहू
संस्थाचालक आणि मुख्याध्यापकांसाठी

‘सोलर किती किलोवॉटचं बसवायचं?’ शाळेच्या बैठकीत आम्हाला बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच येतो. सोलर बसवूच. पण वर्गाच्या खिडक्या पश्चिमेला काढल्या, की दुपारी तीनला त्यांना पुठ्ठे लागतात, आत भर दिवसा ट्यूबलाइट लागते आणि पंखे गरम हवाच ढवळत बसतात. तो खर्च नकाशावरच वाचतो.

म्हणून आम्ही इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवतो, खिडक्या उत्तर-दक्षिण. पुण्यासारख्या ठिकाणी दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला, तर मार्चअखेरीस ऊन आत येत नाही. डिसेंबरात सूर्य खाली उतरतो, तेव्हा मात्र भर दुपारी खिडकीच्या जवळजवळ अर्ध्या भागातून ऊन येतं, आणि तेव्हा ते हवंच असतं. पश्चिमेला छज्जा कितीही पुढे काढा, मावळतीचं ऊन त्याच्याखालून शिरणारच. त्या बाजूला जिना, भांडारखोली, स्वच्छतागृहं ढकलावीत.

एक चूक आमचीच. एका बालवर्गाच्या खिडक्या नेहमीप्रमाणे जमिनीपासून तीन फुटांवर घेतल्या. मुलं बसायची बस्करपट्टीवर. वारा त्यांच्या डोक्यावरून निघून जायचा, शिक्षिकेला तेवढा लागायचा. आता बालवर्गात खिडकी दीड फुटावर सुरू होते, मजबूत गजांसह. गरम हवा निघायला समोरच्या भिंतीत वर झरोके. फळ्याशेजारी मात्र खिडकी नको, अक्षरं चमकतात.

वरच्या मजल्याच्या स्लॅबवर पांढरा चायना मोजॅक करा, म्हणजे चिनी मातीच्या फरशांच्या तुकड्यांचा थर; तो ऊन परतवतो. पत्रा स्वस्त पडतो खरा, पण जुलैत त्याखाली पाढेसुद्धा ऐकू येत नाहीत.

छताचं पाणी वाया घालवू नका. दोनशे चौरस मीटर छतावर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे वीस हजार लिटर. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्या, बाकीचं टाकीत किंवा बोअरवेलजवळच्या शोषखड्ड्यात.

झाडं पश्चिमेला, भिंतीपासून पंधरा-वीस फुटांवर: करंज, कडुनिंब. अंगणात पळस आणि पांगारा, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर फुलणारे. बहावा ऐन बहरात येतो तेव्हा शाळेला सुट्टी असते, तरी एक लावाच. करंजाखाली पार बांधला तर एक वर्ग तिथेही भरतो, बिनविजेचा.

पहिल्या भेटीला सातबारा, मोजणीचा नकाशा आणि शाळेचं वेळापत्रक आणा. सकाळची शाळा आणि दुपारची शाळा यांचा नकाशा एक नसतो. जागा पाहायला आम्ही दुपारी तीनलाच येऊ. टोपी घेऊन या.